नग क्रमांक आठ

दुसऱ्यांची घरं खोक्यांत भरून देण्यात ज्याची बावीस वर्षं गेली, त्या माणसाला स्वतःच्या घराचे आठ नग करायला तीन आठवडे लागले. सगळे त्याला पॅकर म्हणूनच ओळखत आणि त्यालाही त्यात कमीपणा वाटत नसे. उलट एकदा काचेचं झुंबर चार मजले जिन्यावरून उतरवलं आणि एक लोलकही हरवला नाही, ही गोष्ट तो न विचारता सांगायचा. आता परदेशातल्या एका सामान हलवणाऱ्या कंपनीने त्याला बोलावलं होतं. कुटुंबासकट, कायमचं.

कुटुंब म्हणजे चौघं. तो, त्याची आई, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन घरात आलेली बायको, आणि बायकोची पहिल्या लग्नाची दहा वर्षांची मुलगी. मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कुठूनही निघाली की हातात काहीतरी उचलूनच निघायची. पॅकरला ती काका म्हणायची. अहो-जाहो करायची, पाणी आणून द्यायची, त्याच्या चपला रांगेत लावायची. तक्रारीला जागा नव्हती, आणि तेच कधी कधी त्याच्या मनाला लागायचं. भांडायलासुद्धा माणूस थोडं जवळचं लागतं.

पॅकरचा धंद्यातला एक नियम होता. प्रत्येक नगाच्या झाकणाला आतून छापील यादी चिकटवायची. वर नगाचा क्रमांक आणि ‘मालक’, मग एकेक वस्तू, खाली ‘भरणार’ आणि ‘तपासणार’ अशा दोन सह्या. भरणारा आणि तपासणारा कधी एक नसायचा. आणि मालकाचं नाव तपासणाऱ्याने, सगळं तपासून झाल्यावरच लिहायचं. यादीत नाही ते नगात नाही, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. त्याच्या आईने एकदा कढई वर्तमानपत्रात गुंडाळून ‘कागद’ म्हणून यादीत घातली, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

“तिकडं कढया मिळत नाहीत का गं आई?”

“मिळत असतील. माझी मिळते का?”

शेवटी कढई गेली तीन नंबरमध्ये, कढई म्हणूनच.

मुंगीने मात्र एके दिवशी त्याच्याकडे कोरी यादी मागितली. एक लहान निळी बॅग तिच्या वाट्याला आली होती, ती तिने दार लावून स्वतः भरली. तपासायला येऊ का, असं त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आतून उत्तर आलं, “अजून व्हायचंय, काका.” निघायच्या सकाळी घाईत ते राहूनच गेलं. बावीस वर्षांत न तपासता बाहेर पडलेला तो एकमेव नग. सात नगांच्या याद्या त्याला तोंडपाठ होत्या, आठव्यात काय आहे ते देवाला ठाऊक.

विमानतळावर पोचेपर्यंत सगळं वेळेबरहुकूम झालं. मेव्हण्याने स्वतःच्या टेम्पोतून सामान आणलं, दोन ढकलगाड्यांवर रचून दिलं आणि पाहुण्यांचा पास काढून सामानाच्या काउंटरपर्यंत सोबत आला. पॅकरला सकाळपासून काळजी होती, पण ती वजनाची नव्हती. प्रत्येक नग त्याने घरी तीनदा काट्यावर चढवला होता. काळजी होती ती निळ्या फाइलची. त्या फाइलमध्ये चौघांचे पासपोर्ट होते आणि एक पत्र होतं.

ते पत्र मुंगीच्या वडिलांचं. मुलीला आईसोबत परदेशी कायमचं जाऊ द्यायला माझी हरकत नाही, असं त्यांनी लिहून दिलेलं. वकिलाने सांगितलं होतं की मजकूर त्यांच्याच हस्ताक्षरात हवा आणि त्यावर शिक्का हवा. आठ महिने बायकोने फोन केले, निरोप धाडले, दोनदा जाऊन दारातून परत आली, तेव्हा कुठे ते एक पान हाती लागलं. पुन्हा मागायला गेलो तर उभं करणार नाहीत, हे तिने नवऱ्याला स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून पॅकर ते डोळ्यांत तेल घालून सांभाळत होता. म्हणजे, सांभाळतोय असं त्याला वाटत होतं.

काउंटरवरच्या बाईने चारही तिकिटं बघितली, मग ढकलगाड्या बघितल्या.

“किती नग?”

“आठ. माणशी दोन,” पॅकर म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी ऐट होती.

“मुलीच्या तिकिटावर एकच आहे. लहान मुलांचं तिकीट ना? तुमचे सात होतात.”

माणशी दोन, चार माणसं, आठ नग. हा हिशेब त्याने इतक्या वेळा केला होता की एकदा कुणाला विचारावं हे सुचलंच नाही. अशी चूक धंद्यात मुरलेला माणूसच करू शकतो. त्याचे कान तापले.

“जादा नगाचं काय ते भरतो ना.”

“आज जादा नग घेत नाही आहोत. विमान भरलंय.” बाईने मागच्या रांगेकडे पाहिलं. “काय ते लवकर ठरवा.”

मागे तीस-चाळीस माणसं. कुणीतरी घसा खाकरला. पॅकरने गाड्यांवर नजर फिरवली. एक आणि दोन कपडे. तीन भांडी.

“माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही,” आई आधीच म्हणाली.

चार आणि पाच अंथरुणं. सहा बायकोचं शिवणाचं सामान. बायकोने हात नेमका त्याच बॅगेवर ठेवला. सातमध्ये त्याची स्वतःची अवजारं, ज्यांच्यावर पुढचं पोट होतं. राहिली ती लहान निळी बॅग. तिच्यावर कुणाचा हात नव्हता. मुंगी बाजूला उभी होती, पाठीवर दप्तर, दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांत.

“आठ नंबर काढू,” पॅकर म्हणाला. “त्यात तसं महत्त्वाचं काही नाही. मामा बोटीने पाठवून देईल. चालेल ना गं?”

चालेल ना, हे त्याने बॅग मेव्हण्याच्या हातात दिल्यावर विचारलं. मुंगी बॅगेकडे बघत होती. “बरं,” ती म्हणाली.

खरं सांगायचं तर त्याने बॅग निवडलीच नव्हती. जे माणूस भांडणार नाही ते त्याने निवडलं होतं. हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं, आणि रांगेकडे बोट दाखवून त्याने ते मनातल्या मनात बाजूला सारलं. मेव्हणा निळी बॅग घेऊन गेला. सात नग एकामागून एक पट्ट्यावरून आत सरकले.

कागदपत्रांची खिडकी पुढच्या दालनात होती. खिडकीमागे एक पोक्त साहेब, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्याने चारही पासपोर्ट उलटे-सुलटे केले आणि मुंगीच्या पासपोर्टपाशी थांबला.

“मुलीचे वडील?”

“मी...” पॅकर म्हणाला, आणि मग, “म्हणजे, तसा मी नाही. त्यांचं पत्र आहे.”

त्याने फाइल आत सरकवली. साहेबाने प्लास्टिकच्या पाकिटातून पान काढलं, उजेडाकडे धरलं, अंगठा शिक्क्यावरून फिरवला.

“ही झेरॉक्स आहे. मूळ प्रत द्या.”

“मूळच आहे ती.”

“अहो, शिक्का काळा आहे. शाई काळी आहे. मूळ प्रत मला इथे ठेवून घ्यावी लागते. ती नसेल तर मुलगी जाणार नाही.” त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. “एकला खिडकी बंद करतो. त्यानंतर तुमचे नग विमानातून उतरवतील.”

पत्राच्या दोन झेरॉक्स त्यानेच काढून आणल्या होत्या. एक मेव्हण्याकडे दिली, दुसरी घरच्या कपाटात. कपाटातली पाकिटात आली कशी? मग पाकिटातली गेली कुठे? तो बाकावर बसला आणि डोळे मिटून याद्या म्हणू लागला. नग एक, सदरे सहा, टॉवेल चार. नग दोन. नग तीन. कुठेच पत्र नव्हतं. यादीत नाही ते नगात नाही. मग पान काय हवेत विरलं?

बायकोने हातातल्या बॅगा जमिनीवर उलट्या केल्या. कंगवा, गोळ्यांची पाकिटं, आईचा कवळीचा डबा, मोजे. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. आईने स्वतःची पर्स झटकली, तेव्हा त्यातून एक चमचा पडला, जो कोणत्याच यादीत नव्हता. एरवी यावरून रामायण घडलं असतं. आत्ता कुणी बघितलंही नाही.

“ते पुन्हा लिहून देणार नाहीत,” बायको खाली बसूनच म्हणाली. “अहो, तुम्ही आणि आई जा. नोकरी जाईल तुमची. आम्ही दोघी राहतो.”

“वेड लागलंय का तुला?” तो ओरडला. नाही ओरडायचं तरी ओरडला. दीड वर्षात पहिल्यांदा.

बारा अठरा.

मग त्याचं लक्ष मुंगीकडे गेलं. सगळे शोधत होते, ती शोधत नव्हती. भिंतीला टेकून उभी होती आणि तोंडावरचा रंग उडाला होता. पॅकर उठला, तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचे गुडघे वाजले.

“मुंगे, तुला माहीत आहे का पत्र कुठं आहे?”

“आठ नंबरमध्ये.”

“आठ... अगं, मग मघाशी बोलली का नाहीस?”

“तुम्ही म्हणालात ना, त्यात महत्त्वाचं काही नाही.” ती रडत नव्हती. नुसती सांगत होती. “मला वाटलं झेरॉक्स चालत असेल. सगळीकडे चालते. मी कपाटातली आणून पाकिटात ठेवली. चोरलं नाही, काका. यादीत लिहिलंय मी.”

बायको ताडकन उठली, तिचा हात वर गेला होता. पॅकरने तो हवेतच धरला. “नंतर,” तो म्हणाला. “आधी फोन लाव.”

मेव्हणा टेम्पो चालवताना गाणी इतक्या मोठ्याने लावायचा की त्याला स्वतःचा भोंगासुद्धा ऐकू येत नसे, फोनची काय कथा. एकदा वाजून बंद झाला. दोनदा. तीनदा. बायको प्रत्येक वेळी खोलीत फेऱ्या मारल्यासारखी चार पावलं जायची आणि चार पावलं परत. पाचव्यांदा पलीकडून आवाज आला.

“काय गं? बसलात का विमानात? मी जरा जेवायला थांबलोय.”

“ताटावरून ऊठ!” ती किंचाळली. “ऊठ आधी! निळी बॅग घेऊन परत ये!”

“वीस मिनिटं,” तो म्हणाला. त्याची वीस मिनिटं कशी असतात, हे त्याच्या बहिणीला लहानपणापासून माहीत होतं.

पॅकर सवयीने आपली हातातली बॅग उचलून, मुंगीला घेऊन बाहेरच्या फाटकापाशी आला. साहेबाने चिठ्ठी दिली होती, तिच्यावर दोघांना परत आत येता येणार होतं. ऊन चढलं होतं. गाड्या येत होत्या, माणसं उतरवत होत्या, शिट्टी वाजली की निघून जात होत्या. पॅकर प्रत्येक टेम्पो दिसला की दोन पावलं पुढे जायचा आणि नंबर बघून मागे यायचा. बारा एकतीस. बारा पस्तीस. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. झुंबराच्या वेळीसुद्धा त्याने इतक्यांदा घड्याळ बघितलं नव्हतं.

“का घेतलंस गं ते?” त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

ती म्हणाली, “त्यात माझं नाव आहे. चार वेळा. पूर्ण नाव, त्यांच्या अक्षरात.”

“आणि?”

“आणि काही नाही. मला वाटलं होतं शेवटी काहीतरी लिहिलं असेल. मला म्हणून. पण नाहीये.” तिने दप्तराची पट्टी ओढली. “पण नाव आहे.”

पॅकरने तिच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्यावर घेतलं. तिने घेऊ दिलं. बारा एक्केचाळीस.

टेम्पो आला तेव्हा बारा शेहेचाळीस झाले होते. गाणी चालूच होती. मेव्हण्याच्या एका हाताला अजून जेवण चिकटलेलं. फाटकावरच्या शिपायाने शिट्टी वाजवली, पॅकरने त्याला हात जोडले आणि टेम्पोच्या फळीवर निळी बॅग आडवी केली. चेनला आकड्यांचं कुलूप होतं.

त्याचा हात कुलपाकडे गेला आणि थांबला. “मी उघडू का, की तू उघडतेस?”

“तुम्हाला आकडा माहीत नाही,” असं म्हणून मुंगीने स्वतःच उघडलं.

झाकणाला आतून यादी चिकटवलेली होती, चारही कोपरे चिकटपट्टीने नीट दाबलेले. नग क्रमांक ८. ‘मालक’पुढे कोरं. त्याखाली एकेक वस्तू, त्याच्यासारखीच शेजारी संख्या घालून. स्वेटर, २. गोष्टींची पुस्तकं, ५. पट्टी, १. आजीने दिलेली डबी, १ (रिकामी). शेवटची ओळ चौदावी:

१४. बाबांचं पत्र, १. नाजूक. वर काही ठेवू नये.

आणि खरंच वर काही ठेवलं नव्हतं. पत्र दोन पुठ्ठ्यांमध्ये होतं, आणि पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांना तो आरशांना लावतो तसे दुमडलेले त्रिकोण लावले होते. हे त्याने तिला कधी शिकवलं नव्हतं. कुठल्या तरी रविवारी तो घरात काम करत असताना तिने दारातून बघितलं असणार.

“भाऊजी, अहो वेळ!” मेव्हणा म्हणाला.

बॅग आत न्यायची तर कुणाची तरी एक बॅग बाहेर राहणार होती, कारण माणशी एकच हातात घेऊ देत होते. पॅकरने आपली हातातली बॅग मेव्हण्याच्या मांडीवर टाकली. तीत त्याचे पहिल्या आठवड्याचे कपडे आणि दाढीचं सामान होतं. “ही बोटीने पाठव,” असं म्हणून तो निळी बॅग छातीशी धरून धावत सुटला. मुंगी पुढे, तो मागे, आणि खांद्यावर तिचं दप्तर उडत होतं.

एक वाजायला चार मिनिटं असताना पान खिडकीतून आत गेलं. साहेबाने ते उजेडाकडे धरलं, निळी शाई बघितली, मान हलवली. मग त्याने पानाला दोन भोकं पाडली आणि ते आपल्या जाड फाइलमध्ये ओवलं. भोक पाडण्याचा आवाज झाला तेव्हा मुंगीने डोळे मिटून घेतले. बायको मटकन बाकावर बसली आणि मग ढसाढसा रडली. तिने मुलीला जवळ ओढलं, एक चापट मारली आणि तिथेच मुका घेतला. आईने तो चमचा गुपचूप पर्समध्ये परत टाकला.

विमानाची हाक यायला अवकाश होता. चौघं काचेजवळच्या खुर्च्यांवर बसली. थोड्या वेळाने मुंगीने बॅग उघडली, दप्तरातून पेन काढलं आणि चौदावी ओळ खोडली. पट्टी धरून, सरळ.

“यादीत नाही ते नगात नाही,” ती म्हणाली. मग पेन त्याच्यापुढे केलं. “तुम्ही तपासलं नाहीत अजून.”

पॅकरने तपासलं. घाई न करता, एकेक वस्तू काढून, बघून, परत ठेवून. स्वेटर दोन. पुस्तकं पाच. डबी रिकामी आहे की नाही, तेही उघडून बघितलं. तेराही वस्तू बरोबर होत्या. त्याने ‘तपासणार’पुढे सही केली. मग पेन वर नेलं, ‘मालक’पुढच्या कोऱ्या जागेकडे. मुंगी श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत होती. त्याला कळलं की ती काय बघते आहे.

त्याने तिचं नाव लिहिलं. मग तिच्या वडिलांचं नाव. मग त्यांचं आडनाव. एरवी त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण हे त्याने वळणदार लिहिलं, शाळेत लिहितात तसं, काही न गाळता. मुंगीने तिन्ही शब्दांखालून बोट फिरवलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि झाकण लावलं.

विमानात तिची बॅग त्यानेच वरच्या कप्प्यात ठेवली. पलीकडच्या रांगेतला एक गृहस्थ आपला जाडजूड कोट त्या बॅगेवर टाकायला आला.

“वर काही ठेवू नका,” पॅकर म्हणाला. “नाजूक आहे.”

“काय आहे आत?”

पॅकर मुंगीकडे बघू लागला. पत्र तर आता त्यात नव्हतं.

“माझं सामान आहे,” मुंगी म्हणाली. “काकांनी तपासलंय.”